जुन्या फोटोतील वैमानिक ओळखताना या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील जुन्या मराठी घरांमधून दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील फोटो अजूनही निघतात. ते घेऊन येणारी मंडळी पाकीट उघडण्याआधीच निकाल सांगून मोकळी होतात : "हे आमचे पणजोबा, बडोदा स्क्वाड्रनमध्ये होते." वस्तुतः ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'बडोदा' हे नाव गायकवाडांच्या देणगीमुळे मिळाले, तिच्यात बडोद्याची माणसे होती म्हणून नव्हे. शिवाय दुसऱ्या महायुद्धातील ही स्क्वाड्रन १९४१ मध्ये उभी राहिली, तेव्हा १९३० च्या सुमाराच्या फोटोशी तिचा संबंध जोडता येत नाही.

चामडी टोपी आणि गॉगल दिसला की माणूस सैनिक ठरवणे ही दुसरी घाई. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची, आणि पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत उभी राहिली ती चार वापिटी विमानांवर. त्याआधीच्या फोटोतील भारतीय तरुण हा बहुधा एखाद्या फ्लाइंग क्लबचा हौशी सभासद असतो. 'रॉयल' हे बिरुद तर १९४५ चे, तरीही ते १९३५ च्या फोटोखाली सर्रास लिहिलेले आढळते.

मात्र ज्या चुकीने मला सर्वाधिक छळले ती माझी स्वतःची आहे. एका वाड्यातील काचेच्या निगेटिव्हवरून काढलेली प्रत माझ्याकडे आली, आणि तिच्यातील अधिकाऱ्याच्या छातीवरचे पंख, म्हणजे वैमानिकाचे चिन्ह, उजव्या खिशावर होते. ब्रिटिश पद्धतीत ते डाव्या खिशावर असतात, म्हणून उजवीकडे पंख लावणारे हवाई दल कोणत्या देशाचे, याचा शोध घेण्यात मी दोन आठवडे घालवले आणि भेटेल त्याला माझा तर्क ऐकवला. शेवटी एका संध्याकाळी भिंगातून पाहताना कोटाच्या गुंड्यांकडे लक्ष गेले. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते. येथे उजवी बाजू वर होती. दुकानदाराने काच उलटी ठेवून प्रत काढली होती, इतकेच! तेव्हापासून फोटो हाती आला की मी आधी गुंड्या पाहतो, मग विमानावरील अक्षरे, आणि चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी वळतो.

दुसरा छळ रंगांचा. त्या काळच्या पुष्कळ काचा आणि फिल्म लाल रंगाला दाद देत नसत, त्यामुळे लाल पट्टा काळपट उमटतो आणि निळा फिकट पडतो. शौर्यासाठीच्या डी.एफ.सी. (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) पदकाची फीत पांढरी-जांभळी, ए.एफ.सी.ची (एअर फोर्स क्रॉस) पांढरी-लाल, १९१९ पासून दोन्हींचे पट्टे तिरपे. अशा काचेवर गडद तिरपे पट्टे उठून दिसले तर मी प्रथम ए.एफ.सी.चा विचार करतो, आणि पट्टे पांढऱ्यात विरघळल्यासारखे असतील तर डी.एफ.सी.चा. हा निर्णय मूळ प्रत समोर असल्याशिवाय मी देत नाही. अर्ध्या मिनिटात फोटो रंगीत करून देणारी ॲप वापरून "फीत तर निळी आहे" असे ठणकावणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे, कारण ते ॲप रंग ओळखत नाही, आपल्या अंदाजाने भरते.

बाहीवरच्या पट्ट्या मोजताना मधली बारीक पट्टी विसरू नये. दोन जाड पट्ट्यांचा फ्लाइट लेफ्टनंट आणि त्यांच्यामध्ये एक बारीक पट्टी असलेला स्क्वाड्रन लीडर यांत एका हुद्द्याचे अंतर आहे.

विमानाच्या क्रमांकावरून फोटोचे वर्ष ठरवू नये. विमान वर्षानुवर्षे सेवेत राही, म्हणून क्रमांक फार तर 'याआधीचा नाही' एवढेच सांगतो.

पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो सोलून काढू नये. स्टुडिओचा शिक्का पुष्कळदा त्या पुठ्ठ्यावरच असतो.

आणि मागे बॉलपेनने नाव लिहू नये. माझ्याकडे आलेल्या एका फोटोत कुटुंबाने मागून दाबून लिहिलेल्या नावाची रेघ समोरून नेमकी फितींवर उठली आहे, आणि तिसरी फीत कोणती होती हे आता भिंगानेही सांगता येत नाही. मागे लिहिलेले ते नाव, बहुधा, थोरल्या भावाचे आहे.