अंबाडीचा वाख आणि खिशातला रुमाल

कापसाच्या कडेनं लावलेली अंबाडी आमच्या पिढीला भाजीपुरतीच ठाऊक. तिची ताटं पाण्यात कुजवून वाख काढायचा, दोर वळायचे, ही आजोबांची कामं. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी तोच वाख घेतला. परभणीकडे वाखाला तोटा नाही. अतिनील प्रकाशात उजळणारे भाग दाखवणारा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप मात्र दुसऱ्या गावी, आणि तोही दोन तासांपुरता.

वाखाचा धागा म्हणजे एक पेशी नव्हे, एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा जुडगा. तो सुटा करायला ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड समसमान घेऊन 60 अंशांवर एक-दोन दिवस ठेवायचं. हातमोजे, चष्मा हवाच. बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठतो. धागे पांढरे पडले की धुवा, आणि धूतच राहा. मी तीनदा धुऊन थांबलो. उरलेल्या ॲसिडनं कॅल्कोफ्लोर व्हाइट या उजळणाऱ्या रंगाचा चोथा झाला, स्लाइडभर नुसते ठिपके. आता लिटमस लावल्याशिवाय पुढं जात नाही.

रंगवणं सोपं. कॅल्कोफ्लोरचा एक थेंब, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, मिनिटभर अंधारात. रंग सेल्युलोजला धरतो आणि अतिनील प्रकाशात निळा उजळतो. पहिल्याच दिवशी एक धागा असा झळकला की मी फोटोंचा सपाटाच लावला. मॅडमनी डोकावून विचारलं, "अंबाडीला पीळ कधीपासून पडायला लागला रे?" सपाट फितीसारखा, पीळ पडलेला धागा म्हणजे कापूस! काच मी खिशातल्या पांढऱ्या रुमालानं पुसली होती. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात, ते कॅल्कोफ्लोरचंच भावंड.

लिग्निन, म्हणजे पेशींच्या भिंतींना लाकडासारखा ताठपणा देणारं द्रव्य, त्याहून फसवं. रंग न देताही ते निळसर दिसतं, तेही त्याच फिल्टरमधून. म्हणून प्रत्येक नमुन्याची एक स्लाइड बिनरंगाची ठेवा, कॅमेऱ्याचं ऑटो बंद करा, दोन्हींना एक्स्पोजर तेच द्या. लिग्निनच बघायचं असेल तर वरचं ॲसिड-पेरॉक्साइडचं द्रावण नको, त्यात ते निघून जातं. खोडाचा तुकडा गाजरात धरून ब्लेडनं पातळ काप घ्या.

मायक्रोस्कोपला मर्क्युरीचा दिवा असेल आणि लाइट गेली, तर आल्याबरोबर बटण दाबू नका. दिवा निवायला अर्धा तास तरी द्यावा लागतो. माझ्या दोन तासांतला अर्धा तास असाच गेला. तेवढ्यात अंधारात चाचपडत स्लाइडच्या कडा नेलपॉलिशनं बंद केल्या.