माइक उघडण्याआधी: छोट्या कंडेन्सर माइकच्या बाबतीत या चुका टाळा

माझ्याकडे एकाच खोक्यातून आलेली पेन्सिल माइकची, म्हणजे बारीक नळीसारख्या कंडेन्सर माइकची, जोडी आहे. दोन वर्षांपूर्वी आवाज सुधारेल म्हणून त्यातल्या एकाचे कपॅसिटर (आतले चार्ज साठवणारे सुटे भाग) बदलले, दुसऱ्याला हात लावला नाही. पेटीसमोर दोन्ही लावून रेकॉर्ड केलं तर बदललेला माइक इतका भरीव वाजला, की मी रात्री साडेअकराला मित्राला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो आला आणि काही न ऐकताच त्याने खिशातून मोजपट्टी काढली. बदललेला माइक पेटीपासून २५ सेंटिमीटरवर होता, दुसरा ३० वर. एवढ्या फरकाने आवाज साधारण दीड डेसिबलने वाढतो. स्टँड सारखे केले, फायलींची नावं झाकली आणि त्याने मला दहा वेळा ऐकवलं. मी पाच वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं.

ही पहिली चूक, आणि बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून निघतात. जो आवाज जरासा मोठा, तो कानाला 'चांगला' वाटतो. मोठा आहे हे मात्र कळत नाही. म्हणून तुलना करायची तर दोन्ही माइक एकमेकांना जवळजवळ चिकटवून, डायफ्रॅम (आवाजाने थरथरणारे पडदे) एका रेषेत ठेवून, एकाच वेळी रेकॉर्ड करा. आधी एकात गायचं आणि मग दुसऱ्यात, यात काही अर्थ नाही. तोच सा दोनदा तसाच लागत नाही. नंतर स्पीकरवर पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग 'शू' आवाज) लावून दोन्हींची पातळी पाव डेसिबलच्या आत जुळवा. मग केबली आणि चॅनल अदलाबदल करून पुन्हा एकदा रेकॉर्ड करा, कारण कधीकधी फरक माइकचा नसून इंटरफेसच्या, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या, दोन नंबरच्या इनपुटचा असतो. फायलींना नावं दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा. घरातलं कुणीही चालेल. ज्याला यात रस नाही असा माणूस उत्तम.

खोलीचा दोष माइकच्या माथी

स्वस्त माइकबद्दलची निम्मी गाऱ्हाणी खरं तर खोलीची असतात. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, तो माइकसमोरच्या उघड्या भिंतीमुळे. पातळ फोमचे चौकोन चिकटवून वरचे स्वर मरतात आणि खालचा घुमारा तसाच राहतो, म्हणजे आणखी वाईट. गायकाच्या पाठीमागे कापसाची गादी उभी करा, बाजूला दोन गोधड्या टांगा, पंखा आणि फ्रिज बंद करा, मगच माइकला नावं ठेवा. सेल्फ-नॉइजचंही, म्हणजे माइकच्या स्वतःच्या खरखरीचंही, तेच. १६ डेसिबलचा माइक आणि १३ डेसिबलचा माइक यांतला फरक खालून रिक्षा जात असताना ऐकू येणार नाही.

४८ व्होल्ट खरंच मिळतात का?

अशा माइकला केबलमधूनच ४८ व्होल्टची वीज पुरवतात, तिला फँटम म्हणतात. हे ४८ व्होल्ट आले कुठून, त्याची गोष्ट छान आहे. १९६६ साली न्यूमन कंपनी नॉर्वेच्या रेडिओसाठी केएम ८४ हा माइक तयार करत होती. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती, तीच माइकला जोडली गेली. तेव्हापासून हा आकडा रूढ झाला.

मल्टिमीटरने रिकाम्या केबलच्या १ आणि २ नंबरच्या पिनांमध्ये मोजा, मग १ आणि ३ मध्ये. ४४ ते ५२ च्या मधे कुठेही असेल तर ठीक. माइक जोडल्यावर आकडा घसरतो, घाबरू नका. २ आणि ३ यांतल्या प्रत्येक पिनला आत ६.८ किलोओमचा रेझिस्टर असतो; माइकने एकूण ३ मिलिअँपिअर ओढले तर १० व्होल्ट तिथेच खाली येतात. चूक ती वेगळी: एक्सएलआर (तीन पिनांचा) माइक साध्या कन्व्हर्टर केबलने लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटात खुपसणं. तिथे जेमतेम दोन ते पाच व्होल्ट असतात. काही माइक त्यावर कण्हत कण्हत चालतात, आणि मग 'माइकच रद्दड आहे' म्हणून तो उघडला जातो.

बोटं, फ्लक्स आणि मोहरी

आता उघडण्याबद्दल. फँटम बंद करा, केबल काढा, दोन-तीन मिनिटं थांबा. कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज तुम्हाला काही करणार नाही, पण एफईटीचा, म्हणजे माइकमधल्या नाजूक ट्रान्झिस्टरचा, जीव घेऊ शकतो.

माझी खरी फजिती मात्र पुढची. कपॅसिटर बसवले, आवाज आला, खूश झालो. पाऊस सुरू झाला आणि चौथ्या दिवशी माइकमधून फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज यायला लागला. केबल बदलली, इंटरफेस बदलला, काही नाही. दोष होता माझ्या अंगठ्याचा. कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारी पडद्याची डबी, जिथे एफईटीच्या गेट नावाच्या पायाला मिळते, तिथे १ गिगाओमचा, म्हणजे शंभर कोटी ओमचा रेझिस्टर असतो. त्या जागेवर बोटाचं तेल किंवा सोल्डरचं फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावतात ते द्रव्य) राहिलं आणि हवा दमट झाली, की तिथून करंट पाझरतो. नुसती तडतड होत नाही, खर्जही जातो. ५० पिकोफॅरडची कॅप्सूल आणि १ गिगाओम असेल तर खालची मर्यादा ३ हर्ट्झच्या आसपास असते. गळती १० मेगाओमवर आली तर तीच ३०० च्या वर चढते. डग्गा गेलाच म्हणायचा.

उपाय स्वस्त आहे. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, आणि नंतर बोर्ड पूर्ण वाळू देणं. 'नो-क्लीन' लिहिलेलं फ्लक्ससुद्धा इथे पुसायचंच. कॅप्सूलच्या पडद्याला मात्र ब्रश लावू नका, फुंकरही घालू नका. ज्या इलेक्ट्रेट (स्वतःच कायमचा चार्ज धरून ठेवणाऱ्या) कॅप्सूलमध्ये एफईटी आतच असतो, तिथे ही नाजूक जागा बंद डबीत असल्याने हा त्रास कमी.

काय बदलायचं, काय नाही

दिसेल तो कपॅसिटर बदलू नका. सिग्नल ज्यातून जातो ते दोन-तीनच महत्त्वाचे. तिथे साधे सिरॅमिक असतील तर फिल्मचे घालण्यात अर्थ आहे, कारण सिरॅमिक ठोके स्वतःच 'ऐकतात' आणि सिग्नल थोडा वाकडा करतात. पण फिल्मचे आकाराने मोठे. पुण्यात पासोड्या विठोबाजवळून मी हौसेने आणलेले नळीत मावेनात, आणि एकाची तार बॉडीला टेकून माइक मुका झाला. आधी नळीची आतली जागा मोजा. व्हॅल्यू कमी करून लहान कपॅसिटर बसवलात तर खर्ज जाईल.

एफईटीच्या बाबतीत लोक २एसके१७० या मॉडेलच्या नावाला भुलतात. कमी नॉइजचा म्हणून त्याची ख्याती आहे, खोटी नाही. पण त्याचं इनपुट कपॅसिटन्स ३० पिकोफॅरडच्या घरात आहे. छोटी कॅप्सूलच मुळात ५० ची. विशेषतः एफईटीच्या ड्रेन या पायावरून आउटपुट घेणाऱ्या सर्किटमध्ये बराच सिग्नल तो स्वतःच गिळतो. शिवाय तोशिबाने तो बनवणं बंद केलंय आणि बाजारात नकली माल भरपूर आहे.

लिंकविट्झ या ध्वनी-अभियंत्याच्या पद्धतीचा बदल, म्हणजे छोट्या इलेक्ट्रेटच्या पाठीवरची तांब्याची रेघ कापून एफईटीच्या सोर्स या पायावरून सिग्नल घेणं, हा चांगला आहे, पण कशासाठी ते नीट समजून घ्या. ढोलाच्या जवळ माइकचा आवाज फाटत असेल तर त्याने फरक पडतो. हिस (मागचा 'शू' आवाज) कमी होईल या आशेने करू नका. आणि डाग देताना सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांत उचला. कॅप्सूल जास्त तापली की इलेक्ट्रेटचा चार्ज उतरतो.

जोडल्यावर दोन तपासण्या. नळीला हात लावल्यावर घरघर बदलत असेल तर बॉडी १ नंबरच्या पिनला लागलेली नाही. बहुतेक वेळा आट्यांवरचा रंग खरवडला की काम होतं. दोन्ही माइक शेजारी ठेवून मोनोमध्ये (दोन्हींचा आवाज एकत्र करून) ऐकल्यावर आवाज पातळ होत असेल तर एका माइकमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिना उलट्या लागल्यात.

माझी जोडी आता पोह्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात राहते, चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुड्या तव्यावर मंद गरम करून घेतो. कोणता माइक बदललेला ते ओळखायला शेपटाला लाल सेलोटेप लावली होती. ती निघाली तेव्हा परत लावली नाही.