सुरूचं बोंड आणि माझे गेलेले दोन मार्क

टी.वाय.च्या प्रॅक्टिकलला स्पॉटिंगमध्ये (नमुना बघून ओळखायचा प्रश्न) एक फांदी ठेवली होती. लांब, बारीक, हिरव्या सुया आणि टणक लाकडी बोंडं. मी बिनधास्त लिहिलं, ‘पाइन, अनावृतबीजी’. दोन मार्क गेले. वाईट याचं वाटलं की ती फांदी सुरूची होती, आणि मी किनाऱ्यावरची मुलगी. सुरूच्या बनात अनवाणी फिरून त्याच बोंडांनी पाय सोलून घेतलेले. एक्स्टर्नल मॅडम एवढंच म्हणाल्या, “अगं, याला फुलं येतात.”

बॉटनी नव्याने घेणाऱ्यांना मी हा किस्सा आधी सांगते, कारण बीजधारी वनस्पतींच्या वर्गीकरणातली पहिली पायरी इथेच चुकते. आपण पानं बघतो, खोड बघतो. बघायचं असतं बीजांड, म्हणजे ज्याचं पुढे बी होतं ते. ते उघड्यावर आहे की अंडाशयात बंद? उघडं असेल तर अनावृतबीजी (सायकस, पाइन, देवदार), बंद असेल तर आवृतबीजी, म्हणजे फुलं येणाऱ्या वनस्पती. बाकी सगळं नंतर.

सरांनी मला शिक्षा म्हणून काम दिलं. सुरूची हिरवी बोंडं आणून वर्तमानपत्रावर वाळत घालायची. दोन-तीन दिवसांत बोंडांना चोची फुटल्यासारखी तोंडं उघडली आणि आतून एकेका पंखाचे तपकिरी दाणे सांडले. हे दाणे म्हणजे बिया नाहीत. प्रत्येक दाणा हे एक पूर्ण फळ, आणि बी त्याच्या आत. मग ‘सुई’ घेतली. ती सांध्यावर ओढली की तुटते. लहानपणी ती तोडून पुन्हा जोडायचो आणि कुठे तुटली ते दुसऱ्याला ओळखायला लावायचो. त्याच सांध्यावर दहापट भिंगातून बारीक दातांचं कडं दिसलं. ते दात म्हणजे सुरूची पानं. सुई ही फांदी!

याच्या बरोबर उलटा नमुना सह्याद्रीच्या जंगलात आहे, उंबळी. रुंद, जाळीदार शिरांची, समोरासमोर पानं असलेली ही वेल बघून कोणीही द्विदल (बीमध्ये दोन दलं असलेली आवृतबीजी) म्हणेल. लाकडात वाहिन्यासुद्धा (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) सापडतात, ज्या पाइनमध्ये नसतात. पण तिला अंडाशयच नाही. फळासारखं जे दिसतं ते बी. म्हणजे निटम (उंबळीचं शास्त्रीय नाव), पक्की अनावृतबीजी. ही दोन झाडं हातात घेऊन जो तास गेला, तेवढं मला पुस्तकातल्या तक्त्याने कधी शिकवलं नाही.

तक्त्यांचं म्हणाल तर बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांचं वर्गीकरण (1862 ते 1883) पाठ करावंच लागेल, 202 कुळं वगैरे. त्यांनी अनावृतबीजींना द्विदल आणि एकदल यांच्या मधोमध बसवलंय. परीक्षेत तसंच लिहा, पण डोक्यात तसं ठेवू नका. 2016च्या एपीजी-4 या डीएनएवर आधारलेल्या आधुनिक वर्गीकरणात फक्त आवृतबीजींचे 64 गण आणि 416 कुळं आहेत. घाबरू नका, सुरुवातीला पंधरा-वीस कुळं नीट आली तरी रस्त्याकडेची बरीच झाडं ओळखीची होतात.

सुरूची वर्गीकरणातली भटकंती मात्र मजेशीर आहे. 1891 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ट्रॉइब यांनी जावामध्ये पाहिलं की सुरूची परागनलिका (परागकणातून बीजांडाकडे वाढणारी नळी) नेहमीच्या बीजांडद्वारातून न जाता मागच्या दाराने, बुडाकडून शिरते. तेवढ्यावरून आवृतबीजींचे दोन तट पाडावेत, असं त्यांनी सुचवलं. पुढे एंग्लर या वर्गीकरणतज्ज्ञांनी सुरूला आद्य मानून द्विदलांत पहिलं स्थान दिलं. आज ते ओक आणि अक्रोडाच्या गणात आहे. साधी, पाकळ्या नसलेली फुलं ‘आद्य’ वाटली, पण ती वाऱ्यावर पराग सोडण्यासाठी नंतर साधी झालेली.

प्रजननाचा धडा रटाळ वाटत असेल तर शहाळं फोडा. आवृतबीजींत एक पुंयुग्मक (परागातली नर पेशी) अंड्याशी जुळतो, दुसरा बीजांडातल्याच ध्रुवीय केंद्रकांशी, आणि त्या दुसऱ्या जुळणीतून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाचा अन्नसाठा होतो. हे द्विफलन नावाशिन यांनी 1898 मध्ये लिलीत दाखवलं. शहाळ्याचं पाणी हा तोच भ्रूणपोष, त्यात केंद्रकं मोकळी तरंगतात. भिंतीकडे पेशी झाल्या की मलई, पुढे खोबरं. पाइनमध्ये अशी सोय नाही. तिथे अन्नसाठ्याची ऊती फलनाच्या आधीच तयार होते, आणि परागकण पोचल्यापासून फलनापर्यंत जवळपास वर्ष जातं.

सरावाला झेंडू घेऊ नका, ते एक फूल नसून फुलांचा घोळका आहे. पहिल्याच दिवशी वैताग येईल. जास्वंद, धोतरा, वाटाणा घ्या. स्वयंपाकघरातली भेंडी आडवी कापा: पाच कप्पे, बिया मधल्या अक्षाला. मग पपई: एकच पोकळी, बिया भिंतीला. ब्लेड नवं हवं, जुन्याने फूल चिरडतं. आणि आधी चित्र काढा, नाव नंतर शोधा. मी वर्षभर उलटं करत होते. नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो.

एम.एस्सी.नंतर मी काही महिने जालन्याकडे कपाशीच्या सीड प्लॉटवर होते. संकरित बियाण्यासाठी संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्यांतले पुंकेसर काढून टाकतात आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग कुक्षीला (स्त्रीकेसराच्या टोकाला) लावतात. कपाशी भेंडीच्याच कुळातली, पुंकेसरांची एकच नळी स्त्रीकेसराभोवती. जर्नलमध्ये ‘एकसंघी पुंकेसर’ लिहिताना मी दरवेळी पुस्तक उघडायचे. तिथली एक मावशी अंगठ्याचं नख कळीत घालून ती अख्खी नळी एका ओढीत उतरवायची, कुक्षीला धक्काही न लावता. मी तिच्या शेजारच्या ओळीत बसून पहिल्या दिवशी अकरा कळ्या मोडल्या.