परदेशात मृत्यू झाला तर नोंद भारतीय दूतावासात करा
जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं आखाती देशांत कामाला जातात. तिकडे कुणाचं बरंवाईट झालं तर ती नोंद गावच्या ग्रामपंचायतीत होत नाही, त्या देशातल्या भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत करायची असते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० प्रमाणे ती नोंद आपल्याकडेही कायदेशीर धरली जाते. सातबाऱ्यावर वारस लावायला, विम्याला, बँकेला मृत्यूचा दाखला लागतोच. म्हणून मृतदेह आणायच्या धावपळीतही तिथल्या नातेवाइकाला किंवा मित्राला एवढं सांगाच: स्थानिक मृत्यू दाखला, वैद्यकीय अहवाल आणि मयताचा मूळ पासपोर्ट घेऊन दूतावासात जा. दाखला हातात पडला की नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिथेच नीट वाचून घ्या. इथून दुरुस्ती करायची तर घरच्यांचे फार हाल होतात.