ब्लॉक करण्याआधी: डिजिटल पुरावा कसा जपायचा

धमकीचा मेसेज आला किंवा आपल्या नावाचं खोटं प्रोफाइल दिसलं, की हात आधी डिलीटकडे जातो. ते साहजिकच आहे, पण पुरावा बहुतेकदा तिथेच बुडतो. पैसे गेले असतील तर मात्र आधी बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरली की ती गोठवणं अवघड होतं.

स्क्रीनशॉट घ्याच, पण कापून घेऊ नका. नाव, तारीख, वेळ आणि संभाषणाचा मागचापुढचा भाग दिसला पाहिजे. स्क्रीनशॉट बनावट तयार करता येतो, त्यामुळे त्याला जोड हवी. प्रोफाइलपासून चॅटपर्यंत जात सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करा. प्रोफाइलची पूर्ण लिंक आणि फोन नंबर उतरवून ठेवा, कारण दिसणारं नाव कधीही बदलतं. आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील तर हे काम सगळ्यात आधी.

ईमेल फॉरवर्ड करून कोणाला दिला, तर मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची नोंद, मागेच राहतो. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडून मूळ मेल फाइल म्हणून डाउनलोड करा. हेडरमधल्या 'रिसीव्हड' ओळी खालून वर वाचायच्या. त्यातही खालच्या ओळी पाठवणारा खोट्या घालू शकतो. भरवसा ठेवायचा तो आपल्याच मेल सर्व्हरने घातलेल्या वरच्या ओळींवर.

फोटोंचं तसंच. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली कॅमेरा, वेळ, ठिकाण ही माहिती गळते. म्हणून मूळ फाइल केबलने कॉपी करा, उघडून पुन्हा सेव्ह करू नका, आणि लगेच तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेली ओळखखूण, काढा. विंडोजच्या पॉवरशेलमधली गेट-फाइलहॅश ही आज्ञा ६४ अक्षरांचा हॅश देते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी तो वेगळा येतो, म्हणजे 'तुम्हीच फेरफार केला' या आरोपाला उत्तर तयार. एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीवर विसंबू नका. एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे २००४ मध्येच दाखवून झालंय.

सोबत एक नोंदवही ठेवा: काय घडलं, कधी, कोणत्या टाइमझोनमध्ये, फाइल कोणाच्या हाती दिली. वेळ शक्यतो सेकंदासकट लिहा. एकाच आयपी पत्त्यामागे, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकामागे, एका वेळी शेकडो ग्राहक असू शकतात, त्यामुळे नुसत्या 'संध्याकाळी' वरून कोणी सापडत नाही.

फोन फॅक्टरी रिसेट करू नका. त्यात फोनमधली माहिती उलगडणारी एन्क्रिप्शनची किल्ली पुसली जाते आणि आतलं काही वाचता येत नाही.

लहान मुलांची अश्लील चित्रं असतील तर कॉपी, स्क्रीनशॉट, फॉरवर्ड काहीच नाही. फक्त लिंक लिहून थेट पोलिसांना कळवा.

हे सगळं हाताशी आल्यावर पोलिसांत तक्रार द्या आणि त्रास देणाऱ्याच्या ऑनलाइन खात्याची नोंद राखून ठेवण्याची विनंती ते ॲप चालवणाऱ्या कंपनीकडे पाठवायला त्यांना सांगा. सर्व्हरवरचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, कायम राहत नाहीत. ब्लॉकचं बटण त्यानंतर.