बोर्डो फवारण्याआधी लोखंडी खिळा बुडवून बघा

मृगाचा पाऊस धरायच्या आत सुपारीवरची बोर्डोची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाची, पहिली फवारणी उरकायला हवी. फळं गळवणाऱ्या कोळे रोगाची बुरशी ओलाव्यात झपाट्याने पसरते, आणि फळगळ सुरू झाल्यावर फवारून फारसं हाती लागत नाही. दुसरी फवारणी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप बघून.

प्रमाण कोकण-गोव्यातल्या बहुतेक बागायतदारांना पाठ आहे: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. पण निव्वळ वजनावर विसंबू नका. मोरचुदाचं पाणी आम्लधर्मी असतं आणि ती आम्लता चुन्यानेच मारायची असते. गोणीत उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. काट्यावर किलो भरतो, जोर मात्र गेलेला असतो. मग मिश्रणात मोकळं तांबं उरतं आणि कोवळी पानं, फळं करपतात.

मोरचूद फडक्यात बांधून ५० लिटर पाण्यात रात्रभर टांगा. पिंप प्लास्टिकचंच हवं. चुना आधी थोड्या पाण्यात भिजवा. तो उकळतो, डोळे सांभाळा. मग पाणी वाढवून ५० लिटर करा आणि गाळून घ्या. आता मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता, सतत ढवळत. रंग आकाशी निळा यायला हवा, पण रंगावरून आम्लता कळत नाही.

त्यासाठी घासून लख्ख केलेला खिळा किंवा विळा मिश्रणात काही मिनिटं बुडवा. लोखंडावर तांबूस थर चढला तर मिश्रण अजून आम्ल आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, ढवळा, खिळा पुन्हा घासून बुडवा. थर येईनासा झाला की मिश्रण तयार. लिटमस मिळाला तर उत्तमच: निळा कागद लाल झाला तर आम्ल, लाल कागद निळा झाला तर अल्कली. मिश्रणाचा सामू (pH) ७ किंवा किंचित वर असावा. हळदीचं पाणी चुन्याने लाल होतं हे घरोघरी ठाऊक आहे, पण हळद फक्त अल्कली दाखवते, आम्लात पिवळीच राहते. म्हणून इथे तिच्यावर भिस्त नको.

ही तपासणी प्रत्येक पिंपाला करा, चुना एकाच गोणीतला असला तरी. संत्र्याच्या खोडाला लावायच्या बोर्डो मलमालाही हाच नियम.

मिश्रणात दुसरं कीटकनाशक घालू नका, अल्कलीत बरीच औषधं निकामी होतात. केलेलं त्याच दिवशी संपवा. शिळं मिश्रण खाली बसतं आणि पानाला नीट चिकटत नाही. काम झाल्यावर पंप आणि नोझल लगेच धुऊन टाका.