डिजिटल चित्र विकताना सेल्स टॅक्सची सूट कशी सांभाळायची

मी कॅलिफोर्नियात राहून टॅबलेटवर चित्रं काढते आणि विकते. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाने ८०० डॉलरच्या कामाच्या फाइली ईमेलने घेतल्या आणि म्हणाला, "जपून ठेवायला एका पेन ड्राइव्हवर पण द्या ना." मी दिला, वेगळे पैसेही लावले नाहीत. वर्षाचा हिशेब करताना कळलं की त्या पेन ड्राइव्हमुळे सगळे ८०० डॉलर करपात्र झाले. राज्याच्या किमान ७.२५ टक्के दराने ५८ डॉलर, ते माझ्या खिशातून गेले. ग्राहकाकडून टॅक्स घ्यायचा राहिला, तरी इथे तो भरायची जबाबदारी विक्रेत्याचीच असते.

कॅलिफोर्नियात सूट मिळते ती चित्र डिजिटल आहे म्हणून नव्हे, तर हातात धरता येईल अशी कुठलीच वस्तू ग्राहकाकडे जात नाही म्हणून. त्यामुळे काम स्वीकारतानाच विचारा: छापील प्रत, डिस्क, पेन ड्राइव्ह यातलं काही लागणार आहे का? लागणार असेल तर पूर्ण रकमेवर टॅक्स धरूनच भाव सांगा. नसेल तर बिलावर स्पष्ट लिहा की काम फक्त इंटरनेटवरून दिलं आहे, सोबत कोणतीही वस्तू दिलेली नाही. डाउनलोडची लिंक पाठवलेला ईमेल तारखेसह त्याच बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवा. उद्या कोणी विचारलं तर तोच तुमचा पुरावा.

ग्राहक दुसऱ्या राज्यातला असेल तर नियम त्याच्या राज्याचा. वॉशिंग्टन राज्य २००९ पासून आणि पेनसिल्व्हेनिया २०१६ पासून डाउनलोडवर टॅक्स लावतं. २०२२ मध्ये दोघांनीही एनएफटीसुद्धा (ब्लॉकचेनवर नोंदलेली डिजिटल मालकीची टोकन) करपात्र असल्याचं स्पष्ट केलं. ओरेगन, मोंटाना, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर इथे सेल्स टॅक्सच नाही. पण घाबरून जाऊ नका. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर राज्यं बाहेरच्या विक्रेत्याकडूनही टॅक्स मागू शकतात हे खरं, तरी त्यासाठी विक्रीची मर्यादा असते. वॉशिंग्टनची वर्षाला १,००,००० डॉलर आहे. तिथे तुमचं ऑफिस किंवा माल नसेल, तर एकट्या चित्रकाराची विक्री सहसा तिथवर जात नाही. एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारात विकलंत तर टॅक्स गोळा करून भरायचं काम बहुतेक वेळा तेच करतात. त्या विक्रीची नोंद मात्र वेगळी ठेवा, नाहीतर स्वतःच्या वेबसाइटवरच्या विक्रीत ती मिसळते आणि रिटर्न भरताना गोंधळ होतो.

प्रिंट विकायच्या असतील तर आधी सेलर्स परमिट (राज्याचा विक्री परवाना) काढा. एखादं दुकान पुढे विकण्यासाठी प्रिंट घेत असेल तर त्यावर टॅक्स लागत नाही, पण रीसेल सर्टिफिकेट (माल पुढे विकण्यासाठी घेत असल्याचं खरेदीदाराचं लेखी प्रमाणपत्र) हातात आल्याशिवाय माल पाठवू नका. त्यावर खरेदीदाराचं नाव-पत्ता, परमिट नंबर, मालाचं वर्णन, "पुनर्विक्रीसाठी" असा स्पष्ट उल्लेख, सही आणि तारीख आहे का, एकेक तपासा. आणि संस्था ना-नफा आहे म्हणून टॅक्स सोडून देऊ नका: टेक्सासमध्ये अशा बऱ्याच संस्थांना सूट आहे, कॅलिफोर्नियात सरसकट नाही.